शेजाऱ्याची सही

कोणताही भाव वाढवण्यापूर्वी जनतेला विचारलं पाहिजे, हे तत्त्व आता सर्वमान्य झालं आहे. (भाव वाढवूच नये, हे तत्त्व अजून विचाराधीन आहे.) न विचारता वाढवलेला भाव लोकांना लादल्यासारखा वाटतो, विचारून वाढवलेला आपलासा वाटतो. हा आपलेपणा टिकवण्याचं काम नगरभवनातला जनमत कक्ष करतो.

कक्ष तिसऱ्या मजल्यावर, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाला वळसा घालून गेलं की डाव्या हाताला आहे. तिथे एक साहेब, एक हेडक्लार्क, एक छपाईचं यंत्र (चालू), एक पंखा (दुरुस्तीस मंजुरी मिळालेला) आणि रोजंदारीवर घरोघर फिरणाऱ्या अकरा सर्वेक्षक आहेत. अकराही बायका. पूर्वी पुरुषही होते, पण ते लोकांच्या दारात उभं राहून स्वतःचंच मत सांगत बसतात आणि दिवसाला चारच अर्ज भरून आणतात, असं आढळल्यामुळे तो प्रयोग सोडून देण्यात आला. या अकराजणींत वयाने सगळ्यात लहान म्हणून जिला सगळे धाकट्या बाई म्हणायचे, तिच्यावर या वर्षी एक अवघड प्रसंग आला. वास्तविक तो येण्याचं काही कारण नव्हतं. प्रश्न नेहमीसारखाच साधा होता : ज्येष्ठ नागरिकांना बसचा जो फुकट पास मिळतो, तो बंद करावा काय?

धाकट्या बाईंच्या घरी एक ज्येष्ठ नागरिक होते. ते म्हणजे तिचे वडील, अण्णा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे डोळे अधू झालेले पण वेळ पक्की. रोज सव्वादहाची बस पकडून अण्णा शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या थोरल्या बहिणीकडे जायचे. ताईंना आता कुणी ओळखू येत नव्हतं, अण्णाही नाहीत. पण दुपारचं जेवण त्या फक्त अण्णांच्या हातून घ्यायच्या. सुनेने भरवलं तर तोंड घट्ट मिटायच्या, मुलाने भरवलं तर ताट लोटायच्या, आणि हा कोण परका म्हातारा आलाय म्हणून अण्णांसमोर मात्र शहाण्या मुलीसारख्या जेवायच्या. जाऊन-येऊन पूर्ण भाडं द्यायचं म्हटलं, तर धाकट्या बाईंच्या रोजंदारीतला तिसरा हिस्सा बसलाच गेला असता. म्हणजे पास गेला की ताईंचं जेवण गेलं. गणित एवढंच होतं. पण सर्वेक्षकाला स्वतःचं मत नसतं (नियम ६), म्हणून धाकट्या बाई गप्प राहून कामाला लागल्या.

पहिल्या फेरीत शंभरातल्या शहाण्णव लोकांनी ‘पास बंद करू नये’ असं सांगितलं. साहेबांनी हे आकडे दोन दिवस टेबलावर ठेवले आणि तिसऱ्या दिवशी शांतपणे निष्कर्ष काढला की लोकांना प्रश्न समजलेला नाही. साहेब दुष्ट नव्हते, हे इथे आवर्जून सांगितलं पाहिजे. ते कुणावर ओरडत नसत, वेळेवर येत, आणि जनतेच्या शहाणपणावर त्यांचा एवढा विश्वास होता की ते शहाणपण बाहेर येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा विचारत. त्यांनी प्रश्न सुधारला :

‘सवलत बंद झाल्यास बसचे पूर्ण भाडे आपल्या कुटुंबास परवडेल काय? (१) सहज परवडेल. (२) परवडेल. (३) परवडणार नाही.’

तिसरा रकाना होता. तो ठळक होता, आणि बाकीच्या दोन्हींपेक्षा काकणभर रुंदच होता. कक्षाच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणाला बोट दाखवायला जागा नको, असा साहेबांचा कटाक्ष असे.

अर्जाच्या तळाशी एक ओळ जुनीच होती : साक्षीदाराची (शेजाऱ्याची) सही. ही ओळ यायचं कारण असं, की काही वर्षांपूर्वी एका सर्वेक्षकाने चहाच्या टपरीवर बसून दोनशे बारा अर्ज एकटाकी भरले होते. (पुढे तपासणीत असं दिसलं की बरोबर निघालेले अर्ज तेवढेच होते.) तेव्हापासून नियम झाला, की मत देताना शेजारी समोर पाहिजे आणि त्याने ते कानांनी ऐकून सही केली पाहिजे. जमिनीच्या कागदाला साक्षीदार लागतो, लग्नाच्या कागदाला लागतो, मग मताने काय घोडं मारलंय?

दुसऱ्या फेरीत धाकट्या बाई एका न्हाव्याच्या घरी गेल्या. त्याने दार उघडल्यापासून वीस मिनिटं तेलाचे भाव, गॅसचे भाव, शाळेची फी, घरभाडं आणि आयात-निर्यात धोरण यांवर असं काही तोंडसुख घेतलं, की बाईंची पेन्सिल आपोआप तिसऱ्या रकान्याकडे सरकली. मग साक्षीदार म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावलं. न्हाव्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला, परवडेल, लिहा. सही करून शिंपीणबाई स्वतःच्या दारात गेल्या, त्यांच्या साक्षीला न्हावी आला, आणि त्यांनी ‘सहज परवडेल’ सांगितलं. तिसऱ्या दारी एक निवृत्त कारकून होते. त्यांनी शेजाऱ्यांची दोन्ही मतं ऐकून घेतली आणि विचारलं, सहजच्या वर काही नाही का?

त्या आठवड्यात धाकट्या बाईंनी पाहिलं, की दिवाणखान्यात रडणारी माणसं उंबऱ्यावर आली की ऐपतदार होतात. एका घरात तर नवरा ‘परवडेल’ म्हणत असताना आतून बायकोने पातेलं आपटलं. पातेल्याला रकाना नव्हता.

मग धाकट्या बाईंनी एक आगाऊपणा केला. त्या घरात शिरायच्या, दार लोटायच्या, हळू आवाजात प्रश्न विचारायच्या, उत्तर लिहायच्या, आणि कागदाची वरची बाजू दुमडून नुसत्या तळाशी शेजाऱ्याची सही घ्यायच्या. एका दिवसात चोवीस अर्ज भरले. त्यांतल्या एकवीस घरांना परवडत नव्हतं. एका आजोबांनी तर उत्तर दिल्यावर बाईंचा हात धरून ‘कुणाला सांगू नका’ म्हणून विनवलं, जणू काही चोरी कबूल केली होती.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं, बसायला खुर्ची दिली (ढिगातली, पण चार पायांची), आणि सौम्यपणे विचारलं, “कागद दुमडल्यावर साक्षीदाराला आत काय आहे ते दिसतं का?”

“नाही, साहेब.”

“मग तो साक्ष कशाची देतो?”

चोवीस अर्ज रद्द झाले. ते पुन्हा भरून आणण्याचं काम थोरल्या बाईंकडे गेलं. थोरल्या बाई एकवीस वर्षं या कामात होत्या आणि त्यांनी आणलेले गठ्ठे न मोजता मान्य होत. स्वतःच्या गल्लीत सर्वेक्षण करायला बंदी असल्यामुळे धाकट्या बाईंची गल्लीही त्यांच्याच वाट्याला आली.

ज्या सकाळी त्या येणार होत्या, त्या सकाळी धाकट्या बाईंनी अण्णांना समोर बसवून समजावलं. तीन रकाने असतात. आपला तिसरा. काहीही झालं तरी तिसरा. अण्णा म्हणाले, मला काय कळत नाही होय? ताईचं जेवण आहे त्यात. आणि उठून त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. अकरा महिने लोकांच्या दारात उभं राहिल्यावर इस्त्रीच्या सदऱ्याचा अर्थ तिला पाठ झाला होता.

साक्षीला समोरच्या काकू आल्या. काकू एकट्या आल्या असत्या तरी निभावलं असतं कदाचित. पण त्यांचे जावई कालच गावाहून आले होते, तेही मजा बघायला चपला घालून बाहेर आले. थोरल्या बाईंनी प्रश्न स्वच्छ वाचला. अण्णांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे, आणि मग बराच वेळ जावयांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे.

“परवडेल का म्हणजे?” अण्णा म्हणाले. “माझी मुलगी नगरभवनात नोकरीला आहे. बसच्या भाड्यापायी अडून बसणारी माणसं वाटलो का आम्ही?”

“तसं नाही हो काका. काय लिहू तेवढं सांगा.”

“लिहा की. सहज.”

काकूंनी सही केली. जावयांनी मान डोलावली. धाकट्या बाई दाराच्या आत उभ्या होत्या आणि काही बोलल्या नाहीत. कुटुंबातला सदस्य सर्वेक्षक असल्यास त्याने मौन पाळावे असा नियम आहे, म्हणून. पण खरं सांगायचं तर नियम नसता तरी ती बोलली नसती. कारण बोलायचं म्हटलं, तर काकूंसमोर, जावयांसमोर, ‘अण्णा, मी रोजंदारीवर आहे’ असं म्हणावं लागलं असतं. ती नोकरीत कायम झाली असं समजून काकूंनी गेल्या वर्षी घरी येऊन तोंड गोड केलं होतं, आणि ते तिने करून घेतलं होतं. तिला स्वतःचा आणि अण्णांचा सारखाच राग आला आणि सारखीच कीवही आली.

दार लागल्यावर तिने विचारलं, “अण्णा, असं का केलंत?”

“काकू उभ्या होत्या ना गं,” अण्णा म्हणाले, आणि सदरा काढून नीट घडी करायला लागले.

निकाल लागला. त्र्याण्णव टक्के कुटुंबांना परवडत होतं, त्यांतल्या निम्म्यांहून अधिकांना सहज. साहेबांनी टिपणी लिहिली, की जनतेची सांपत्तिक स्थिती आपल्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगली असून, तिला इतकी वर्षं फुकट पास देऊन आपण तिच्या स्वाभिमानाला धक्का लावत होतो. पहिल्या तारखेपासून पास बंद झाले.

अण्णा पायी जाऊ लागले. दहाला निघायचे आणि पोचेपर्यंत एक वाजून जायचा. तोवर ताई भुकेने कासावीस होऊन, रडून झोपलेल्या असायच्या. उठवून भरवलं तर दोन घास घ्यायच्या. पंधरा दिवसांनी अण्णांचे गुडघे सुजले आणि ते एक दिवसाआड जाऊ लागले, मग आठवड्यातून दोनदा. ताईंच्या सुनेचा निरोप आला, की सासूबाईंच्या हाताच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात. अण्णांनी तो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना पट्टे बांधून निघाले. काकूंनी दारातूनच विचारलं, एवढं उन्हाचं चालत कुठे? तर म्हणाले, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. काकू म्हणाल्या, आमच्या ह्यांनाही सांगितलंय. त्या महिन्यात शहरातल्या बहुतेक सगळ्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांनी एकाच वेळी चालायला सांगितलं होतं. मुख्य रस्त्याच्या कडेने ते ओळीने चालत आणि एकमेकांना तब्येतीचं महत्त्व सांगत. बसमधल्या ज्येष्ठ प्रवाशांची संख्या बरीच घटली, त्यावरून मुळात त्यांना बसची गरजच नव्हती हे सिद्ध झालं, आणि सव्वादहाची फेरी रद्द करण्याचा प्रस्ताव कक्षाने वर पाठवला.

यावर काही वाचक म्हणतील, की अण्णांनी त्या दिवशी दारात खरं सांगायला हवं होतं. अगदी बरोबर आहे. मग तेवढं एक सांगा : परवा रस्त्यात चारचौघांत ओळखीच्या कुणीतरी तुम्हाला विचारलं ना, “काय, कसं चाललंय?” तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

कक्षाने तेच उत्तर धरलं आहे.