वापीच्या बसला इंग्लंडची रांग

"मंगला, या खेपेला मी तुझ्या माहेरी वेळेवर पोचणार म्हणजे पोचणारच!" अठ्ठ्याऐंशी साली मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. ती पिशवीत साडी ठेवत राहिली.

प्रकरण नाजूक होतं. धाकट्या मेहुणीचा, पूजाचा, दुपारी बोईसरला साखरपुडा, आणि तिने नेसायची साडी आमच्याकडे! त्यात सासूबाईंचं ठाम मत, की हा जावई स्वतःच्या लग्नालाही पंगत बसल्यावर आला. साफ खोटं! तोवर नुसती पानं मांडली होती.

दोष माझा नाही, सिल्वासाहून वापी स्टेशनला जाणाऱ्या बसचा. ती दिसली की लोक रुमाल, टोप्या, पोरं, हाताला लागेल ते खिडकीतून आत टाकून जागा धरतात. मीही एकदा टाकला. रुमाल वापीला गेला, मी नाक्यावरच राहिलो.

पण आता तोडगा सापडला होता. माझा मावसभाऊ रमाकांत इंग्लंडातल्या एका छोट्या गावात राहून आला होता. "दत्तू, तिकडे थांब्यावर दोनच माणसं असली तरी एकामागे एक उभी राहतात. बस आली की हात करायचा, शांतपणे चढायचं, उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं! कोणी मागे वळूनसुद्धा बघत नाही." मला अगदी भरून आलं. ही सुधारणा सिल्वासात मीच आणणार!

नाक्यावर पोचताच मंगलाला पुढे उभं केलं, मागे मी.

"अहो, लोक बघताहेत."

"बघू देत! बघूनच शिकतील."

आणि शिकले की! नरोलीच्या कारखान्यातला झिपरू आम्हाला पाहून थबकला, धावत कुठेसा गेला आणि परत येऊन मुकाट्याने माझ्यामागे उभा राहिला. त्याच्यामागे भिमाबाई. मग पावलं वाजतच राहिली. मी इंग्रजासारखा नाकासमोर बघत उभा! मनात म्हटलं, दत्तात्रय, तुझा पुतळा इथेच बसवतील.

तेवढ्यात झिपरूने विचारलं, "साहेब, माणशी किती लिटर भेटून राह्यलं?"

"लिटर?"

मी वळलो. रांग पानटपरीला वळसा घालून पार पलीकडे गेलेली, आणि प्रत्येकाच्या हातात डबा!

एक सांगायचं राहिलं. मी रेशनच्या खात्यात कारकून. त्या दिवसांत आमच्या गावात माणसं एकामागे एक उभी राहत ती फक्त रॉकेलसाठी, आणि रॉकेल तर महिनाभर आलंच नव्हतं. रेशनचा कारकूनच सहकुटुंब पहिला नंबर धरून उभा म्हटल्यावर घरी कोण बसेल!

"अहो, ही बसची रांग आहे!" मी ओरडलो.

"बसले कोन लाईन लावतं?" भिमाबाई फणकारली. "आम्हाले येडं समजता का?"

"शपथ घेतो, रॉकेल नाही!"

"मग तुम्ही बाईले घेऊन सकाळपासून पहिले कशाले उभे?"

इतक्यात बस आली. मी रमाकांतने सांगितल्याप्रमाणे हात केला. मी केला म्हणून सगळ्या रांगेने केला, डब्यांसकट! ड्रायव्हरने डबे पाहिले, मान बाहेर काढली. "घासलेट लईने बसमां नहीं!" म्हणून त्याने गाडी न थांबवता पुढे दामटली.

मंगलाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचून धावली. पुढे म्हशी आडव्या आल्या म्हणून बस अडली होती. तिने साडीची पिशवी खिडकीतून आत भिरकावली आणि दारातून वर! मी मागे धावणार, तोच झिपरूने माझा सदरा धरला.

"तुम्ही कुठं चालले साहेब? माल आला तं कोन वाटीन?"

संध्याकाळपर्यंत मला कोणी हलू दिलं नाही. रॉकेलही आलं नाही.

मंगला दुसऱ्या दिवशी परतली. मी चाचरत विचारलं, "साडी पोचली?"

"वेळेवर."

"आणि मी का नाही आलो, ते काय सांगितलंस?"

"खरं तेच. म्हटलं, रॉकेलच्या रांगेपाशी आहेत, लोक सोडत नाहीत."

"मग सासूबाई?"

"आईच्या डोळ्यांत पाणी! सगळ्या पाहुण्यांना सांगत होती, आमचा जावई बघा, घरचं कार्य सोडून गोरगरिबांसाठी उन्हात उभा आहे!"

मी तर हरखूनच गेलो. "बघ! आता पूजाच्या लग्नाला कसा आदल्या दिवशीच हजर होतो!"

"नको," मंगला म्हणाली. "तुमच्याबद्दलचं मत आत्ता कुठे चांगलं झालंय. येऊन बिघडवू नका!"