मधला फोटो

सानगडीच्या बसस्टॉपवर नवा फ्लेक्स लागला, की त्या दिवशी भैयाजी कापगते सरांना दोन घास जास्त जायचे. सर गावातल्या छोट्याशा कॉलेजात खेळाचे शिक्षक आणि मुलींची कबड्डी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एखाद्या पोरीने कुठे बक्षीस मारलं, की दुसऱ्याच दिवशी सर साकोलीहून फ्लेक्स छापून आणत. मधोमध पोरीचा भला मोठा फोटो, वर तीनदा ‘अभिनंदन’ आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत किराणावाल्यापासून सरपंचापर्यंत झाडून सगळे, बहुतेक गॉगल लावून. त्या गावात जिंकणं बक्षिसाने पुरं होत नसे, फ्लेक्स लागल्यावरच होत असे.

पण या सुखाला एक नाट होती. दरवर्षी कॉलेजचे प्रवेश सुरू झाले, की नागपूरच्या एका बड्या कॉलेजची पांढरी गाडी सानगडीत यायची आणि सरांची सगळ्यात चांगली खेळाडू घेऊन जायची. तिकडे वसतिगृह फुकट, महिन्याला मानधन, नवे बूट, रोज दूध-अंडी. इकडे सरांच्या घरून डब्यात आलेले भिजवलेले चणे. कामिनी गेली, उर्वशी गेली, त्यांच्यामागे आणखीही गेल्या. सर प्रत्येकीला स्वतः गाडीपर्यंत सोडायला जात, “नाव काढजो बाई” म्हणत आणि घरी येऊन भरल्या ताटावरून उठत. पोरींना बोल तरी कोणत्या तोंडाने लावणार? घरी चार पैसे येत असतील, तर कोणती पोर चण्यांवर थांबेल?

यंदा मात्र प्रकरण गळ्याशी आलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांची नजर कबड्डीच्या मैदानावर पडली होती. तिथे लग्नाचं लॉन केलं, तर संस्थेचं भलं होईल असं त्यांचं म्हणणं होतं. “तुमी इथं पोरी तयार करता आन् कप नागपूरले जाते,” ते सरांना सरळच म्हणाले. “यंदा फायनल मारली तर मैदान तुमचं. नाही तर मंडप माया.”

सरांची सगळी भिस्त होती ममतावर. तलावात मासेमारी करणाऱ्या केवळरामची ही पोर लहानपणापासून पाण्यात बुड्या मारून वाढलेली. दम असा, की समोरची फळी थकायची पण हिचा श्वास तुटायचा नाही. आणि पकडायला जावं तर ताज्या माशासारखी हातातून निसटायची. उन्हाळ्यात पवनीच्या खुल्या सामन्यांत ती उत्कृष्ट चढाईपटू ठरली आणि सर त्याच संध्याकाळी फ्लेक्सचा मजकूर लिहायला बसले.

“थांबा,” त्यांच्या बायकोने, उषाबाईंनी, भाकरी थापता थापता म्हटलं. “त्या नागपूरवाल्याहिले दरसाली नेमकी चांगलीच पोरगी कशी सापडते जी?”

“कशी?”

“तुमीच तं सांगता. चौकात टांगून, नावगाव छापून.”

सरांनी पेन खाली ठेवला. एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, या विचाराने त्यांना त्या रात्री नीट झोप लागली नाही.

फ्लेक्स नाही लावायचा, असं त्यांनी ठरवलं. पण ठरवणं सोपं आणि निभावणं कठीण. चार दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली. पाचव्या दिवशी केवळराम दारात येऊन उभा राहिला. “मास्तर, माया पोरीचाच फ्लेक्स काहून नाही लागला गा? आमी ढिवर लोक म्हणून?” हा प्रश्न सरांच्या काळजात घुसला. “नाही रे बाबा, लागते, उद्याच लागते,” ते बोलून गेले आणि मग डोकं धरून बसले.

त्या डोक्यातून जी युक्ती निघाली, ती त्यांना तेव्हा फार हुशारीची वाटली. फ्लेक्स लागला. पण मधल्या मोठ्या फोटोत होती मोना. सिमेंटच्या दुकानवाल्या ताराचंदची मुलगी. उंचपुरी, फोटोत रुबाबदार दिसणारी आणि दोन वर्षं संघाची राखीव खेळाडू. राखीव म्हणजे इतकी राखीव, की तिच्या बुटाला अजून मैदानाची माती लागली नव्हती. पूर्ण वेळ ती सरांच्या शेजारी बाकावर बसायची आणि त्यांचा आरडाओरडा ऐकायची. फोटोखाली अक्षरं होती ‘सानगडीची वाघीण’. आणि ममता? ती खालच्या रांगेत, किराणावाला आणि सरपंच यांच्या मधोमध, शुभेच्छुक म्हणून. केवळरामला वाचता येत नव्हतं. पोरीचा फोटो लागलेला पाहून तो खूश होऊन गेला.

आता हे इथेच थांबलं असतं तर बरं. पण आपली मुलगी वाघीण आहे हे ताराचंदला फ्लेक्स वाचूनच कळलं आणि त्याच्या आनंदाला उधाण आलं. त्याने गावात जिलेबी वाटली, डीजे लावून मोनाची मिरवणूक काढली आणि त्याच फ्लेक्सच्या मोठ्या प्रती काढून थेट साकोलीच्या हायवेपर्यंत लावल्या. मोना दोन्ही हात जोडून ट्रॅक्टरवर उभी होती. मिरवणूक सरांच्या घरासमोर आली तेव्हा ताराचंदने त्यांना कडकडून मिठी मारली. “सर, घरी तं ही साधी बादली उचलत नाही. तुमी वाघीण बनवली!”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सरावाला ममता आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सरांनी निरोप पाठवला तर उलट निरोप आला, “मी शुभेच्छुक ना? घरूनच शुभेच्छा देतो म्हणा.”

आणि त्याच आठवड्यात पांढरी गाडी आली. नागपूरच्या कॉलेजचे मनिष सर गॉगल काढत उतरले ते थेट ताराचंदच्या दुकानासमोर. वसतिगृह, मानधन, बूट, दूध-अंडी, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. भैयाजी सरांना बोलावणं गेलं. युक्ती तर फळाला आली होती. पण मोनाचा फुललेला चेहरा पाहिला आणि सरांना कसंसंच झालं. या पोरीची तिकडे फजिती होणार आणि तिचं पाप आपल्याच माथी बसणार. त्यांनी मनिष सरांना बाजूला घेतलं.

“सर, खरं सांगतो, ही पोरगी अजून तयार नाही.”

मनिष सर गालात हसले. “सर, प्रत्येक लहान कॉलेज हेच म्हणते. बरं, मानधन थोडं वाढवू.”

“अहो, तिनं एकही सामना खेळला नाही!”

“म्हणजे तुम्ही तिला लपवून ठेवली होती!” मनिष सरांचे डोळे चमकले. “हॉस्टेलमध्ये स्वतंत्र खोली देतो.”

“तिचा खेळ तरी पाहून घ्या एकवार.”

“काय गरज आहे? हायवेवर पाहिला ना फ्लेक्स. चला, स्कूटी पण देऊ.”

सरांनी तोंड मिटलं. आणखी एक शब्द खरा बोललो, तर हा माणूस मोनाला विमानाने नेईल अशी त्यांना भीती वाटली. मोना पाया पडली आणि गाडीत बसली. सवयीने सर पुटपुटले, “नाव काढजो बाई.” आणि सवयीनेच घरी येऊन जेवले नाहीत.

“जी खेळत नाही ती गेली, अन् जी खेळते ती रुसली,” उषाबाई म्हणाल्या. “जा आता तळ्यावर. खरं काय ते सांगा पोरीले.”

तलावावर ममता डोंग्यात बसून जाळं सोडवत होती. सर काठावरून हाका मारत राहिले, तिने मान वर केली नाही. शेवटी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात शिरले आणि डोंग्यात चढायला गेले. जन्मभर जमिनीवर खेळलेला माणूस. डोंगा एका बाजूला कलला, सर दुसऱ्या बाजूला, आणि क्षणात त्यांची फक्त शिट्टी तेवढी पाण्यावर दिसू लागली. ममताने कॉलर धरून त्यांना वर ओढलं. पहिल्यांदाच हसू फुटलं तिला.

“हसतेस काय? तुयासाठीच बुडलो,” सर खोकत म्हणाले. मग त्यांनी फ्लेक्स, नागपूर, लॉन, मोना, सगळं सांगून टाकलं. “तू जाशील म्हणून भेव वाटलं, बाई. म्हणून लपवलं तुले. चुकलं मायं.”

ममताने जाळ्याची एक गाठ सोडवली. “सर, नागपूरवाल्याहिचा मले फोन आलता. पवनीचे सामने झाले त्याच दिवशी. कामिनीताईनं नंबर देल्ला होता.”

“मंग?”

“नाही म्हणलं मी. मले इथूनच त्याहिले हरवाचं हाय. मले एक वेळ विचारलं असतं, तं तुमचा फ्लेक्सचा खर्च वाचला असता.”

ओलेचिंब सर काठावर बसून राहिले. एवढी मोठी पोर आपण शुभेच्छुकांच्या रांगेत बसवली याची त्यांना मनापासून लाज वाटली, आणि ती आपल्या हाताखाली खेळते या अभिमानाने ऊरही भरून आला. दुसऱ्या दिवशी पहाटे ममता सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर होती.

दसऱ्यानंतर भंडाऱ्याला आंतरमहाविद्यालयीन सामने झाले. ममताने एकटीच्या दमावर सानगडीला फायनलला नेलं. समोर अर्थातच नागपूर. सामना सुरू होण्याआधी नागपूरच्या सातपैकी पाच पोरी मैदान ओलांडून आल्या आणि ओळीने भैयाजी सरांच्या पाया पडल्या. पंच गोंधळून गेले. “सर, तुम्ही नेमके कोणाचे कोच?” त्यांनी विचारलं. त्या पाचांत शेवटी होती मोना. कोपऱ्यातली पकड करायला तिला उभी केलेली पाहून सर निश्चिंत झाले. तो कोपरा म्हणजे उघडं दार.

दार उघडं नव्हतं. दोन वर्षं बाकावर बसून मोनाने सरांचा प्रत्येक शब्द ऐकला होता. पाय कुठे ठेवायचा, कधी झेपावायचं, सगळं. फक्त तिला कुणी मैदानात उतरवलं नव्हतं. नागपूरवाल्यांनी फ्लेक्सवर विश्वास ठेवून पहिल्याच दिवशी उतरवलं, आणि वाघीण म्हणून आणलंय तर वाघीण व्हावंच लागेल, असं तिने ठरवून टाकलं. तिच्या कोपऱ्यात सानगडीच्या दोघी अडकल्या. तरी ममता गुण मिळवत राहिली आणि शेवटच्या चढाईला दोन्ही बाजू बरोबरीत आल्या.

ममता चढाईला गेली. बोनस घेते घेते तोच मोनाने झेप टाकली आणि तिचा घोटा धरला, अगदी सर शिकवतात तसा, दोन्ही हातांची कैची करून. ममताने हिसका दिला. कुणाच्या हाती न लागणारी ती पोर, आणि मोनाने काही सोडली नाही.

“शाब्बास, मोना! सोडू नको! असाच धरून ठेव!” भैयाजी सर खुर्चीवर उभे राहून ओरडत होते.

मग त्यांना जाणवलं, की आपल्याच बाकावरच्या पोरी आपल्याकडे डोळे वटारून पाहत आहेत. शिट्टी वाजली. नागपूर एका गुणाने जिंकलं. ममता धूळ झटकत आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तुमी कोणाच्या बाजूनं होते?”

“मलेच नाही समजलं बाई,” सर म्हणाले. मैदान गेलं होतं आणि तरी माणसाच्या चेहऱ्यावरचा आनंद काही केल्या लपत नव्हता.

दिवाळीनंतर सानगडीची मंडई, म्हणजे गावची वर्षाची जत्रा, भरली. मंडईला गावाबाहेर गेलेलं झाडून सगळं माणूस घरी येतं, तशा नागपूरच्या पाचही पोरी एसटीने आल्या. येताना मोनाने कॉलेजातून चार दिवसांसाठी कप मागून आणला होता. “जिथं शिकलो तिथं दाखवाले,” ती म्हणाली. कप सरांच्या मैदानावर ठेवला, ममताने त्याला हार घातला आणि पाहता पाहता अख्खी मंडई तिथे लोटली. अध्यक्ष आले ते टेप घेऊन, लॉनचं माप काढायला. पण एवढी गर्दी, कप आणि मोबाइलचे कॅमेरे पाहिले आणि टेप खिशात गेला. त्यांच्या हातात कुणीतरी माइक दिला. “नागपूरचा संघ म्हणजे आपल्या या मैदानाची शाखा हाय!” ते गरजले. “या मैदानाले कोणी हात लावून दाखवावा!” टाळ्या पडल्या, आणि आता त्यांनाही हात लावता येणार नव्हता.

त्याच संध्याकाळी बसस्टॉपवर नवा फ्लेक्स लागला. पोरींनी आपापल्या मानधनातून छापलेला. मधोमध भला मोठा फोटो भैयाजी सरांचा, गळ्यात शिट्टी. आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत कामिनी, उर्वशी, मोना, ममता आणि बाकी सगळ्या, एकजात गॉगल लावून. सर कितीतरी वेळ खाली उभे राहिले. चष्मा पुसायचा म्हणून त्यांनी डोळेही पुसून घेतले.

घरी पोचतात तोच फोन वाजला. मनिष सर होते. “भैयाजी सर, उशिरा लक्षात आलं आमच्या. खेळाडू नेण्यात काही अर्थ नाही. तुम्हीच या आमच्याकडे.”

“मी? अहो, मले कबड्डीतलं काही समजत नाही.”

“मोनाच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणाला होता. क्वार्टर देतो.”

“माया गुडघा दुखते.”

“गाडी देतो.”

“सर, खरंच सांगतो, मी गाव सोडून कुठंच येत नाही!”

“ठीक आहे,” मनिष सर म्हणाले, “वहिनींसाठी पण काहीतरी पाहतो.”

सरांनी घाईघाईने फोन बंद केला. उषाबाई दारात उभ्या होत्या. “पाह्यलं? शिडी घ्या, आन् आताच्या आता जाऊन तो फ्लेक्स उतरवा.”

सरांनी शिडी घेतली. अंगणापर्यंत गेले. तिथून बसस्टॉपच्या दिव्याखाली आपला मोठा चेहरा दिसत होता. त्यांनी शिडी हळूच भिंतीला टेकवून ठेवली.

“दोन रोज राहू दे वो,” ते म्हणाले. “फोटो लय चांगला आला.”