पऱ्हाटी रेकॉर्ड्स आणि दोन ते चारचा पहारा

या, असे पुढं सरकून बसा. मागच्या सतरंजीवर अर्धे शब्द वाऱ्यावर जातात, आणि ही गोष्ट अर्धी ऐकण्यासारखी नाही. वऱ्हाडी रॅप गाण्यांची पहिली कंपनी सेलूच्या विठ्ठल मंदिरात, ऐन सप्ताहात कशी जन्माला आली, ते ऐकवायचं आहे.

प्रफुलचा धंदा लाउडस्पीकरचा. पण डोक्यात कंपनी. कंपनीचं नाव पऱ्हाटी रेकॉर्ड्स; पऱ्हाटी म्हणजे आपल्याकडची कपाशी. मालमत्ता एक माइक, एक लॅपटॉप, एक रंगवलेली पाटी आणि एक गायिका, समीक्षा. स्टुडिओ म्हणजे मंदिरामागची भांड्यांची खोली. सप्ताहाला स्पीकर फुकट लावायचे, या बोलीवर मंडळाचे अध्यक्ष चंद्रभानजी यांनी ती दिली होती. आवाज घुमू नये म्हणून प्रफुलनं चारी भिंतींना वाकळी टांगल्या, तेव्हा चंद्रभानजींनी काळजीनं विचारलं होतं, "काऊन बे, भिंतीले थंडी वाजते का?"

समीक्षा नर्सिंग शिकली होती. रोज पहाटेच्या यष्टीनं वर्ध्याला जाता-येता तिनं गाणं रचलं होतं. आता तिला पुण्याच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं; म्हणून शनिवारी साडेचारची यष्टी आणि वर्ध्याहून संध्याकाळची गाडी. गाणं मात्र अजून रेकॉर्ड व्हायचं होतं. कधी वीज गेली, कधी तिचा गळा बसला, आणि मग सप्ताह लागला. काकड्यापासून कीर्तनापर्यंत प्रफुलचेच भोंगे प्रफुलच्याच स्टुडिओत गर्जू लागले. शनिवार उजाडला. आज गाणं झालं नाही, तर कंपनीजवळ पाटी तेवढी उरणार होती.

एकच फट होती. दुपारी दोन ते चार. पंगत उठलेली, गाव आडवं झालेलं, भोंगे बंद. मंदिरात फक्त वीणा. आता सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. एका गळ्यातून ती दुसऱ्या गळ्यात जाते, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, आणि ज्याच्या गळ्यात ती असेल त्यानं उभं राहायचं, तार छेडायची, नाम घ्यायचं. त्यात दोन ते चारचा पहारा सगळ्यांत कठीण. पोटात पंगत, डोळ्यांवर झापड, ऐकायला चिटपाखरू नाही. बावीस वर्षं तो पहारा प्रेमदासजी करत. शिलाई मशीन बंद करायची, अंघोळ करायची आणि दोनच्या ठोक्याला हजर. दुसऱ्या कुणी तो कधी मागितलाही नाही.

त्या शनिवारी दोन वाजले. सव्वादोन झाले. प्रेमदासजी आले नाहीत.

गळ्यात वीणा घेऊन चंद्रभानजी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. त्यांना साखरेचा आजार, बारापासून उभे. प्रफुल वायर घेऊन समोरून गेला आणि सापडला.

"प्रफुल्या, इकडं ये. अंघोळ केली का?"

"केली न जी. पण मले रेकॉर्डिंग..."

"दोन मिनिटं धर. मले जाऊ दे बाप्पा, आता राहवत नाई!"

वीणा गळ्यात आली. प्रफुल पाया पडला. चंद्रभानजीही घाईत अर्धेच वाकून पळाले. दोन मिनिटांची दहा झाली. मोकळे होऊन चंद्रभानजी तसेच प्रेमदासजींच्या घरी निघून गेले होते.

"भाऊ, अडीच झाले," समीक्षा दारात आली. "तुम्ही भजन करून राह्यले आन माही यष्टी निघून जाईन."

"रामकृष्णहरी... आता ठेवू कुठी हिले? रामकृष्णहरी... तू सुरू कर. लाल बटण दाब."

तो दारात उभा राहिला, तोंड देवाकडे, पाठ माइककडे. समीक्षा एक ओळ बोलली आणि ऐकून पाहिली. ओळीखाली तार वाजत होती. दार लावलं, वाकळ लावली, तरी तार होतीच. वर मधूनच बारीक 'रामकृष्णहरी'.

"आता काय करावं जी?"

"येतच आहे न आवाज? मंग अंदर या," समीक्षा म्हणाली. "पण तालात या. हे काय, बैल घरी निघाल्यासारखं चाललं!"

"माह्या हातानं असंच वाजते. रामकृष्णहरी... पहिल्यांदा धरली वो मी."

लॅपटॉपमधला ठेका धावत होता, वीणा चालत होती. वीणेला धावता येईना, तेव्हा समीक्षानं ठेकाच वीणेच्या चालीवर आणला. गाणं संथ झालं. आणि तिचं तिलाच जाणवलं, की आतापर्यंत ती शब्द फेकत होती. आता ते टेकवत होती.

तेवढ्यात सभामंडपात आरोळी उठली. "अवो माय! वीणा कुठी गेली?"

रुख्माबाई आणि मंदाबाई, दोघीही साठीच्या पुढच्या, टाळ घेऊन लवकर आल्या होत्या आणि मंडप रिकामा होता. तारेच्या आवाजामागे त्या खोलीत शिरल्या.

"भांड्याच्या खोलीत वीणा आणली? काऊन बे प्रफुल्या, लाज नाई वाटत?"

"खाली नाई ठेवली मावशी. रामकृष्णहरी. पाहून घ्या, नामबी चालू आहे."

रुख्माबाईंनी पाहिलं. वीणा गळ्यात होती, तोंडात नाम होतं, तो उभा होता. नियमात कुठं बोट शिरेना. "मंग वीणेजवळ आयकणारं माणूस पाह्यजे," असा निकाल देऊन त्यांनी बसकण मारली. मंदाबाईही बसल्या. त्यांना उठवायला सवड नव्हती; सव्वातीन झाले होते. समीक्षानं डोळे मिटले.

"सहाची यष्टी, दारात दोरी,
कंडक्टर म्हणे, जागा नाई पोरी.
जागा नाई? मंग उभीच येतो,
वर्ध्यापावतर उभीच येतो!"

ती श्वासासाठी थांबली. आणि ज्यांनी उभा जन्म कीर्तनात टाळ धरला, त्यांना एवढंच ठाऊक, की गाणारा थांबला की ओळ आपण उचलायची.

"वर्ध्यापावतर उभीच येतो!" दोघी खड्या आवाजात म्हणाल्या. झण् करून टाळावर टाळ पडला.

समीक्षानं दचकून डोळे उघडले. प्रफुलनं मानेनंच खूण केली: थांबू नको. ती थांबली नाही. तिनं दुसरं कडवं टाकलं, बायांनी धरलं. तिनं तिसरं उंच नेलं, मंदाबाई गुडघे विसरून उभ्या राहिल्या. शेवटची ओळ संपली तेव्हा खोलीत नुसती तार उरली, आणि ती वाजत राहिली, कारण प्रफुलला थांबण्याची मुभाच नव्हती.

"कोणत्या महाराजांचं आहे वो पोरी?" रुख्माबाईंनी हळूच विचारलं.

"माहं आहे मावशी."

"चांगलं आहे माय. यष्टीत म्या उभ्यानंच जन्म काढला."

पावणेचारला चंद्रभानजी परतले. टोपी हातात, चेहरा उतरलेला. पहाऱ्याला यायचं म्हणून अंघोळीला गेलेले प्रेमदासजी मोरीतच पडले होते. तोंड वाकडं झालं होतं, वाचा गेली होती. वर्ध्याच्या दवाखान्यात पोचवूनच चंद्रभानजी येत होते.

"बोलता येत नवतं. सारखा हात असा छातीवर नेऊन तार छेडे," ते म्हणाले. "प्रफुल्या, खरं सांगजो. वीणा खाली ठेवली नाई न?"

"नाई जी."

"मोडला नाई त्याचा पहारा," म्हाताऱ्यानं डोळे पुसले. समीक्षाला साडेचारची यष्टी मिळाली. प्रफुल निरोपाला गेला नाही. वीणा घ्यायला माणूस पाचला आला.

पुढं गाणं मोबाइलवर आलं आणि महिनाभरात वर्धा-नागपूरच्या पोरांच्या तोंडी बसलं. हिंगणघाट, गिरडहून गाणारी पोरं सेलूला येऊ लागली. पऱ्हाटीचं काम मार्गी लागलं. गाण्याखाली वादकाचं नाव घालायचं होतं. प्रफुल म्हणाला, मी फक्त धरली होती. पहारा ज्याचा, वीणा त्याची. म्हणून लिहिलं: वीणा, प्रेमदास.

एक दिवस मुंबईच्या बड्या कंपनीचा फोन आला. त्यांना वीणावाला हवा होता. विमानानं नेतो, म्हणाले. एका दुपारचं काम. प्रफुल फोन चालू ठेवूनच प्रेमदासजींच्या घरी गेला. चार महिने खाटेवर, शब्द उमटत नव्हता. सूनबाईंनी फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडचा माणूस अदबीनं म्हणाला, "दुपारी दोन ते चार, एवढाच वेळ द्या."

प्रेमदासजींनी डोळे उघडले. ओठ हलले. चार महिन्यांतले पहिले शब्द बाहेर आले, ते घरभर ऐकू गेले.

"दोन ते चार जमत नाई."

त्या वर्षी दिवाळीआधीच ते गेले. तुमच्या कानावर ते गाणं कधी पडलं, तर पोरीचं कौतुक तर कराच, पण तिच्या आवाजाखाली संथ चालणारी तार ऐका, आणि ती ऐकू आली की प्रेमदासजींची एकदा आठवण काढा.