पतंगी कागदाची मोनालिसा

विमलाला बघायला रविवारी कुडाळची मंडळी येणार असं कळलं आणि गुरुदासांनी ठरवलं, की भिंतीवरचा मण्यांचा पोपट उतरवायचा. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पोपटाच्या जागी काय लावायचं, हेही त्यांनीच ठरवलं.

विमला ही त्यांच्या बायकोची, रुक्मिणीची, धाकटी बहीण. आईवडील लवकर गेल्यामुळे मालवणात ह्यांच्याकडेच वाढलेली. आधीची दोन स्थळं हातची गेली होती, म्हणून रुक्मिणी देव पाण्यात घालून बसलेली. गुरुदास कोर्टात कारकून. वीस वर्षं नकला करून (कागदपत्रांच्या) आपल्याला कशाचीही नक्कल जमते, असा त्यांचा समज झाला होता. विलायतेत पातळ रंगीत कागदाचे कपटे एकावर एक चिकटवून थोर चित्रांच्या प्रतिकृती करतात, असं त्यांनी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. शेजारी मोनालिसा छापलेली होती. नवरामुलगा हायस्कुलात मास्तर. तिथे पोपट काय चालणार?

पतंगाच्या कागदाचे बारा ताव आले, रुक्मिणीनं पातेलंभर खळ शिजवून दिली आणि गुरुदासांनी माजघर अडवलं. तीन दिवस बाकीच्यांची पानं पडवीत.

"ही बायल कोण?" रुक्मिणीनं विचारलं.

"मोनालिसा."

"भुवयो खंय हिच्यो?"

"मुळातच नायत."

"आणि कुंकू?"

"ती परदेशातली आसा गो."

"पांढरां कपाळ बघून कुडाळची माणसां उंबऱ्यावरसून परत जातली," रुक्मिणी म्हणाली.

खळ लागली की पतंगाच्या कागदाचा रंग सुटतो, हे मासिकात नव्हतं. (विलायतेतले कागद अधिक शिस्तीचे असावेत.) डोंगराचा हिरवा गालांवर उतरला, जांभळा गळ्यात गेला आणि ते जगप्रसिद्ध हसू ओघळून हनुवटीवर आलं. कावीळ झालेली बाई तोंडात पान धरून पिंक टाकायला जागा शोधते आहे, असं दिसायला लागलं. गुरुदासांना मात्र मूळ चित्रकाराच्या हातून राहून गेलेलं काहीतरी त्यात सापडलं. त्यांची पाठ वळताच रुक्मिणीनं कपाळावर लाल कागदाचं ठसठशीत कुंकू चिकटवलं. ओल्या खळीवरून ते रविवारपर्यंत नाकाच्या शेंड्यावर पोचलं.

पाहुणे आले. सत्यवान मास्तर आणि त्यांची आई आनंदीबाई. पोहे झाले.

"हे सगळं मुलीनंच केलंय," गुरुदास रिवाजाप्रमाणे भिंतीकडे हात करून म्हणाले. विमला जमिनीकडे बघत राहिली.

"खळ कसली वापरलीत?" सत्यवाननं तिला विचारलं.

"तांदळाच्या पिठाची," विमलानं अंदाज केला.

"मैद्याची," गुरुदास म्हणाले.

"आणि ह्या डोंगराला किती कागद?"

"दोन."

"सात," गुरुदासांना राहवेना. "दोन कागदांत ही खोली येईल का? नुसत्या हाताला मी एकवीस कपटे लावले आहेत."

विमला पदराआड हसत होती आणि हिला धड खोटंही बोलता येत नाही, म्हणून सत्यवान खूश होऊन तिच्याकडे बघत होता. रुक्मिणीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

आनंदीबाईंनी बशी खाली ठेवली. चित्राकडे पाहिलं, मग गुरुदासांकडे, मग पुन्हा चित्राकडे. "ह्यां तुमी केलास?"

"हो," गुरुदास विनयानं म्हणाले.

आनंदीबाई रुक्मिणीच्या कानाशी लागल्या. आवाज मात्र पडवीपर्यंत जात होता. "ह्यां तुमच्या घराण्यात आसा? उद्या आमच्या नातवंडांत उतरला तर, म्हणान इचारतंय."

"नाय हो," रुक्मिणी घाईघाईनं म्हणाली. "ते आमच्या रक्ताचे न्हय. ते आमच्या घराण्याचे जावय."

आनंदीबाईंचा जीव भांड्यात पडला. "मगे काय हरकत नाय. चेडू आमकां पसंत आसा." मग आपल्या बशीतला लाडू गुरुदासांच्या बशीत ठेवत त्यांनी हळूच विचारलं, "पण ह्यांका असा कधीपासून?"

"लग्नाआदी आमकां कोणी सांगूक नाय," रुक्मिणी म्हणाली.