वडावरचं लाल पान

एका जंगलात, मुलांनो, डोळ्यांवर मोठं संशोधन चाललं होतं. घारबाई दिवसाच्या नजरेचा अभ्यास करत, घुबडराव रात्रीच्या. दोघांनाही आकडेमोडीचा कंटाळा. म्हणून दोघांत मिळून एक साळिंदर नेमलं होतं. सगळे त्याला साळूदादा म्हणत. स्वतःचाच काटा उपसून तो वाळूवर आकडे लिहायचा.

सिंहमहाराजांकडे अंजनाचा एकच बुधला होता. कमी दिसणारे प्राणी सापडले, तर तो त्यांना मिळणार होता.

तपासणी सोपी होती. वडाच्या शेंड्याला लाल पान बांधलं. प्राण्यांनी ओढ्याकाठी उभं राहायचं. पान दिसलं की वडाखाली येऊन नाव सांगायचं.

साठ जण आले.

"साठांपैकी साठांना दिसलं!" घारबाई म्हणाल्या. "लिही, शंभर टक्के."

"पण बाई, यादीत शंभर नावं आहेत."

"बाकीचे गैरहजर. आळशी मेले!"

साळूदादाला राहवलं नाही. तो ओढ्याकाठी गेला. तिथे चाळीस प्राणी ताटकळत उभे होते. सर्वांत पुढे चांदी हरिणी होती.

"दादा, पान कधी बांधणार हो?" ती म्हणाली. "सकाळपासून उभी आहे. ते अंजन मिळालं तर बरं होईल. काल पिल्लू समजून दगडाला चाटत बसले."

पान तर समोरच हलत होतं.

साळूदादा धावत परत आला. "ते आळशी नाहीत! त्यांना दिसत नाही!"

"मग वडाखाली येऊन तसं सांगायचं," घुबडराव म्हणाले.

"राव, त्यांना वडही दिसत नसेल."

"तुला मदतीला ठेवलंय. शंका काढायला नाही."

तरी साळूदादाने ती चाळीस नावं लिहिली. घारबाईंनी पंख झटकून वाळू सारखी केली.

दरबारात अहवाल वाचला गेला. जंगलात एकाचीही नजर अधू नाही, हे ऐकून महाराज गहिवरले. अंजनाचा बुधला त्यांनी दोन्ही संशोधकांना बक्षीस दिला. साळूदादाला काढून टाकलं. त्याच्या जागी पोपट आला. तो आकडे तपासत नाही, नुसते छान वाचून दाखवतो.

संध्याकाळी साळूदादा ओढ्यावरून घरी निघाला.

"कोण, दादा का?" चांदीने विचारलं. "अजून पान बांधलं नाही वाटतं. असू दे. मी थांबते."

तात्पर्य : मुलांनो, ज्यांना दिसत नाही त्यांना कधी मोजू नये. सगळ्यांची नजर उत्तम निघते.