कुमुदमावशींच्या नापास बायका

कुमुदमावशी भेटेल त्या बाईला गुण देतात.

लीड्समध्ये त्या आमच्या शेजारी राहतात. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून बाळंतपणं केली आणि रिटायर झाल्यावर इंग्रजी साहित्यात पीएच.डी. करायला निघाल्या. विषय, चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांतली आदर्श स्त्री. ती शीलवान हवी, आज्ञाधारक हवी आणि मुख्य म्हणजे गप्प हवी. या तीन विषयांत मावशी साऱ्या जगाची परीक्षा घेतात.

बसमध्ये ड्रायव्हरशी भांडणारी बाई दिसली की पुटपुटतात, "मौनात शून्य. शाब्बास!" माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या, तर त्यांना पहिल्याच चहाला सांगितलं, "तुम्ही तिन्हींत नापास. अभिनंदन!" सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "मौनात सुधारणा आहे," मावशी म्हणाल्या.

स्वतः मावशी श्वास घ्यायलाही थांबत नाहीत. कौन्सिलचा माणूस कचऱ्याच्या बिन्सबद्दल सांगायला आला आणि अर्धा तास आदर्श स्त्री ऐकून गेला. पुढच्या वेळी दारातून पत्र सरकवून पळाला.

गेल्या मार्चमध्ये त्यांची व्हायवा होती. दोन परीक्षक, बंद खोली आणि सहा वर्षांच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा. आठवडाभर रोज त्यांनी मला किचनमध्ये परीक्षक म्हणून बसवलं. "विचार, मेघा. दयामाया नको." मी कागदावरचे प्रश्न वाचायचे, त्या धडाधड उत्तरं द्यायच्या. एकच प्रश्न त्या टाळायच्या. "डॉक्टर असून तुम्ही हा विषय का निवडलात?" "नेक्स्ट!" मी पुन्हा विचारलं, तर किटली लावायला उठल्या.

त्या दिवशी मी त्यांना युनिव्हर्सिटीत सोडायला गेले. वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कार पार्कमध्ये गाडी थांबली, तरी सीटबेल्ट सोडेनात.

"मावशी, दहाच मिनिटं राहिलीत."

"मी नाही जात."

दोन्ही हातांनी त्यांनी बेल्ट घट्ट धरला होता. अडलेल्या बाळंतिणींना सोडवलेले हात.

"सहा वर्षं, मावशी!"

"ते पहिल्यांदा तेच विचारणार. हा विषय का?"

"मग सांगा ना."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं. "माझं शेवटचं प्रकरण आठवतं? त्या काळच्या गरोदर बायका? बाईनं पुस्तक लिहिणं तेव्हा शोभायचं नाही. पण बाळंतपणात आपण मरू या भीतीनं पोटातल्या बाळासाठी लिहिलं, तर कुणी अडवायचं नाही. माझी आई माझ्या वेळी गेली. साताऱ्याला. तिला लिहिता येत होतं गं, चौथी झाली होती. मी घरातल्या सगळ्या ट्रंका उपसल्या. वाण्याची यादीसुद्धा सापडली नाही. कुणालाही विचारलं की एकच उत्तर, फार गुणाची होती, कधी तोंडातून शब्द काढला नाही."

त्या माझ्याकडे वळल्या.

"हे सांगू त्यांना? रिसर्चच्या नावाखाली आईचं पत्र शोधत होते म्हणून?"

"हो," मी म्हटलं. "हेच सांगा."

तीन मिनिटं उरली असताना त्यांनी बेल्ट सोडला आणि मागं न बघता आत गेल्या.

दोन तास मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घातल्या. एकदा आतून हसण्याचा आवाज आला. शेवटी दार उघडलं. थोड्या दुरुस्त्या सांगून प्रबंध मंजूर झाला होता.

"विचारलं का?"

"सगळ्यात आधी."

"मग?"

"सांगितलं."

परतताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तसंच बघत म्हणाल्या, "मेघा, तिचा आवाज कसा होता, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. आता सांगायला कुणी उरलं नाही."

आमच्या रोडचा टर्न आला. त्यांचं बोलणं तुटू नये म्हणून मी वळले नाही, सरळ पुढे गाडी चालवत राहिले.