कमरबीची तपासणी

सकाळी साडेसहाला कमरबीने दार उघडलं आणि दारात साहेबरावाची जीप उभी पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. स्टिअरिंगवर तो स्वतः होता, मागच्या सीटवर शालू मांडीवर तीन डबे घेऊन बसली होती. जीपच्या दाराशी भागवतभाऊ उभे होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण कुठल्याही गाडीच्या दाराशी उभं राहिलं की त्यांचा हात अजून घंटीची दोरी शोधायचा. आणि पायरीवर, मोबाइल छातीशी धरून, तृप्ती. डोळे रडून सुजलेले.

"काय झालं? कोण गेलं?" कमरबीने विचारलं.

"कुणी न्हाई गेलं, भाभी," तृप्ती हुंदका आवरत म्हणाली. "तुम्ही आम्हाला का न्हाई सांगितलं?"

आता झाली पंचाईत.

परतूरमध्ये 'सोबत' नावाचं, कमरबी धरून पाच माणसांचं मंडळ होतं आणि ही पाचही माणसं या घडीला कमरबीच्या दारात होती. कॅन्सरच्या पेशंटला जालन्याच्या दवाखान्यात एकटं जाऊ द्यायचं नाही, एवढंच मंडळाचं काम. सहा वर्षांपूर्वी कमरबीचं स्वतःचं ऑपरेशन झालं, आणि बरी झाल्यावर तिनेच हे मंडळ काढलं. नियमही तिचेच. एका पेशंटमागे एक सोबती, दोन नाहीत. 'काही होत नाही' असं म्हणायचं नाही. खाण्यापिण्याचे सल्ले द्यायचे नाहीत. आणि कुणाला रडू आलंच, तर कमरबीचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते तालुक्यातल्या निम्म्या पेशंटना पाठ होतं: "रडायचं असंल तर बसून रडा. उभ्यानं रडलं की चक्कर येती."

तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशनच्या त्याच जुन्या जागेशी तिच्या बोटांना काहीतरी टणक लागलं. तिने ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. वाटूरजवळच्या सगुणाबाईची केमो होती त्याच दिवशी तिने गुपचूप स्वतःची तपासणी ठरवली. वहीत 'सगुणाबाई, सोबती कमरबी' असं लिहिलं की झालं, कुणाला संशय यायचं कारण नाही. बेत नामी होता. फक्त दवाखान्याचा फॉर्म भरताना फोन नंबरच्या रकान्यात तिने सहा वर्षांच्या सवयीने मंडळाचा नंबर लिहिला. प्रत्येक पेशंटच्या फॉर्मवर ती तोच लिहायची. आणि मंडळाचा मोबाइल असायचा तृप्तीकडे.

काल संध्याकाळी त्यावर दवाखान्याचा निरोप आला होता: कमरबी, उद्या नऊ वाजता तपासणी.

"मी येस्टीनं जाणार हाय," कमरबीने जाहीर केलं. "जल्दी घरला जा सगळे."

तेवढ्यात आतून तिचा नवरा महेमूद दात घासत बाहेर आला. तृप्तीने त्याला सगळं सांगून टाकलं. त्याच्या हातातला ब्रश खाली पडला. "मेरेकू बी नै बताई!" एवढंच तो म्हणाला, आणि तोंड न धुताच जीपमध्ये जाऊन बसला. आता या माणसाला खाली कोण उतरवणार?

"अगं पण सगुणाबाई फाट्यावर येस्टीची वाट बघंल! त्याच गाडीत मी येणार म्हणलंय तिला."

"तिची सोय झाली, भाभी," तृप्ती म्हणाली. "तुम्ही आज पेशंट हायेत. डोक्याला ताप न्हाई करायचा."

भागवतभाऊंनी माणसं मोजली. "सहा. बराबर. सोडा गाडी!"

पुढचा अर्धा तास कमरबीने स्वतःच्या नियमांची धूळधाण उघड्या डोळ्यांनी पाहिली. शालूने डबे उघडले. एकात बीट, दुसऱ्यात गव्हांकुरांचा रस, तिसऱ्यात उकडलेलं काहीतरी होतं, ज्याचं नाव तिलाही सांगता येईना. "नणदेच्या जावेनं सांगितलंय, रोज उपाशीपोटी..." साहेबराव आरशात बघत दर दोन मिनिटांनी म्हणत होता, "काही होत न्हाई बघा, भाभी." तृप्तीने तिचा हात असा घट्ट धरला होता की बोटांना मुंग्या आल्या. महेमूद तेवढा खिडकीबाहेर बघत बसला होता, आणि तेच तिला सगळ्यात जड जात होतं.

वाटूर फाटा मागे पडला. दोन-तीन किलोमीटरनंतर कमरबीला राहवलं नाही.

"सगुणाबाईसंगं कोण हाय?"

"आत्ताच दिसली की फाट्यावर," भागवतभाऊ खुशीत म्हणाले. "मी हात केला. तिनं बी केला."

"मी बी केला," साहेबराव म्हणाला.

"कुणासंगं उभी होती?"

"एकटीच होती. सोबती यायचा असंल."

"कोण सोबती?"

तृप्तीने भागवतभाऊंकडे बघितलं. "मामा, मी तुम्हाला सांगितल्तं ना रात्री?"

"मंग मी शालूला सांगितल्तं."

"मला वाटलं साहेबराव बघून राह्यले," शालू म्हणाली.

साहेबरावाने आरशातून नजर काढून रस्त्यावर नेली.

"सगळं मंडळ हितं बसलंय!" कमरबी ओरडली. "मंग तिच्यासंगं काय आभाळातून माणूस येणार हाय का? वळवा गाडी!"

जीप वळली. फाट्यापर्यंत पोहोचायच्या आत समोरून जालन्याची एसटी आली. खिडकीत सगुणाबाई होती. तिने पुन्हा हात केला.

जीप पुन्हा वळली. पण दोनदा वळण्याचं डिझेल साहेबरावाच्या हिशेबात नव्हतं. पहिला पंप बंद होता, दुसऱ्यावर ट्रॅक्टरांची रांग. सगुणाबाईला फोन लावला, तर तिचा मोबाइल घरी राहिलेला. पोराने उचलला आणि "आई तर तुमच्यासंगंच गेल्ती की," म्हणाला. तिला नऊची वेळ दिली होती आणि पंपावरच सव्वानऊ झाले. त्या टणक जागेवर तिचा हात आपोआप जात होता. तिला भीती वाटत होती, आणि इतक्या गर्दीत धड भिताही येत नव्हतं.

पावणेदहाला ते दवाखान्यात धडकले, तर सगुणाबाई बाकावर बसलेली. डोक्याला रुमाल, हातात दोन चिठ्ठ्या.

"कवाधरनं वाट बघून राह्यले!" ती म्हणाली. "तुमचं नाव दोनदा पुकारलं. मी म्हणलं, बाई आल्यात, लघवीला गेल्यात."

"तुला कसं कळलं माझी तपासणी हाय म्हणून?"

"खिडकीवर म्हणलं, माझ्यासंगं कमरभाभी हायेत. तर तो म्हणला, त्यांचा बी नंबर हाय आज. मंग म्हणलं, दे दोघींच्या चिठ्ठ्या." तिने डोळे बारीक केले. "आम्हाला सांगता, लपवायचं न्हाई म्हणून. आन् तुम्ही?"

कमरबीने तिच्या हातातली आपली चिठ्ठी काढून घेतली.

नर्सने दार उघडलं. "कमरबी! सोबत एकच बाई." तृप्ती आणि शालू दोघी एकदम पुढे झाल्या, दारात अडकल्या आणि तिथेच हळू आवाजात भांडू लागल्या. तोवर सगुणाबाई कमरबीची पिशवी घेऊन आत पोहोचली होती.

"अगं, तुझी केमो?"

"बाटली लावायला साडेअकरा होतील. तवर रिकामीच हाय की."

सोनोग्राफी झाली. कमरबी छताकडे बघत होती आणि सगुणाबाईने तिचं मनगट धरलं होतं, ना घट्ट, ना सैल. नवीन सोबत्यांना कमरबी दर वेळी शिकवायची आणि कुणालाच जमायचं नाही, अगदी तसं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. "जुन्या टाक्यांची जागा घट्ट झालीय. गाठ नाही. सहा महिन्यांनी दाखवा."

बाहेर येऊन कमरबीने महेमूदकडे बघून नुसती मान हलवली. त्याने भिंतीला पाठ टेकली आणि टोपी काढून तोंड पुसलं. मग ती मंडळाकडे वळली. सकाळपासूनचं सगळं आता तिच्या ओठांवर आलं होतं.

"चार-चार सोबती!" ती म्हणाली. "एका पेशंटला फाट्यावर सोडून हात करत जाता? लाज न्हाई वाटत? उद्यापासून मंडळ बंद! बिलकुल बंद! मी... मी तुम्हाला..." आणि तिची हनुवटी थरथरायला लागली. मंडळ खाली मान घालून उभं राहिलं. आपल्या अध्यक्षबाईंचं काय करायचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

सगुणाबाईने कोपऱ्यातली खुर्ची फरफटत आणून कमरबीच्या मागे ठेवली.

"भाभी, रडायचं असंल तर बसून रडा," ती म्हणाली. "उभ्यानं रडलं की चक्कर येती."

कमरबी बसली. भागवतभाऊंनी सवयीने पुन्हा माणसं मोजली. या खेपेला सात भरली.